त्यांना हिंदी कळतं, मधू

मधू, स्वेटर, कानटोप्या आणि औषधांची यादी पाठवली आहे, तेवढ्याने बॅगा भरून होतील. आज जे बोलायचंय ते यादीत मावणारं नाही, आणि स्पीकरवर सगळं घर ऐकत असताना बोलण्यासारखंही नाही. म्हणून पोरं झोपल्यावर एकटीच वाच.

तुम्ही भूतानला चाललात. सासू-सासरे, नणंद आणि तिचे यजमान, तुझे निखिलराव, तू आणि दोन कार्टी. सहलींच्या धंद्यात इतकी वर्षं माणसं फिरवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. युरोपला निघालेला आपला माणूस विमानतळावरच शहाण्यासारखा वागायला लागतो. आवाज खाली येतो, रांगेत उभा राहतो, सारखा 'सॉरी' म्हणतो. भूतानला मात्र व्हिसा लागत नाही. रुपया चालतो, कारण तिथल्या न्गुलत्रुमची किंमत रुपयाइतकीच. हॉटेलातला पोरगा हिंदीत विचारतो, "चाय लाऊँ?" झालं, माणूस लोणावळ्याला आल्यासारखा सैल सुटतो. मी भूतानमध्ये जेवढी ओशाळवाणी झाले ना, तेवढी स्वित्झर्लंडमध्ये कधी झाले नाही.

तर पहिलं म्हणजे ते हिंदी. भूतानमध्ये टीव्ही आला १९९९ साली, पण हिंदी सिनेमा त्याच्या आधीपासून घरोघर कॅसेटवर पोचला होता. शाळा इंग्रजी माध्यमाच्या, घरात झोंगखा किंवा आणखी एखादी बोली, आणि करमणूक हिंदी. गाईड, ड्रायव्हर, दुकानदारीण, सगळ्यांना तुमचं बोलणं कळतं. बसमध्ये एक विनोद हमखास होतो. चौथ्या राजांच्या चार राण्या, चौघी सख्ख्या बहिणी, १९८८ साली जाहीर विवाहसोहळा झाला. गाईडने हे सांगायचा अवकाश, मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, "आमची एक सांभाळताना नाकी नऊ येतात." बस हसते. गाईडही हसतो, कारण हसणं हे त्याच्या कामातच येतं. पण त्याच्या घरात देवाशेजारी त्याच राजाचा फोटो असतो गं. आपल्याकडे महाराजांबद्दल कुणी बाहेरचा असं बोलला असता तर आपण काय केलं असतं, तेवढं निखिलरावांना विचार. तुझ्या नंदावांना थट्टेची सवय आहे हे मला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. त्यांना आधीच कानात सांगून ठेव, आणि ते सुद्धा निखिलरावांकरवी. तू सांगितलंस तर राग येईल.

दुसरी गोष्ट दोचुला खिंडीची. थिंफूहून पुनाखाला जाताना ३१०० मीटरच्या आसपास ही खिंड लागते. हवा स्वच्छ असेल तर समोर हिमालयाची रांग, आणि मध्ये टेकाडावर १०८ छोटे स्तूप. तिथे त्यांना चोर्तेन म्हणतात. सगळे फोटो काढायला धावतात, तसे तुम्हीही धावाल. पण धावण्याआधी पोरांना ते कशासाठी बांधलेत हे सांग. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने तिथल्या जंगलात लपलेल्या आसामच्या बंडखोरांविरुद्ध कारवाई केली. म्हणजे भांडण मुळात आपल्या देशातलं. त्यात जे भूतानी सैनिक गेले त्यांच्या स्मरणार्थ थोरल्या राणीसाहेबांनी ही चोर्तेनं बांधून घेतली. हो, त्याच चौघींपैकी थोरल्या. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच महाराष्ट्रातला एक मोटारसायकलवाला शिडी लावून यातल्या एका चोर्तेनवर चढला आणि वर उभं राहून त्याने फोटो काढून घेतला. तो फोटो देशभर फिरला, पोलिसांनी त्याला चौकशीसाठी बोलावलं. पुढे कित्येक दिवस थिंफूत "महाराष्ट्रातून आलो" म्हटलं की समोरचा माणूस अर्धा क्षण गप्प व्हायचा. तो मुलगा मुद्दाम अपमान करायला चढला असेल असं मला वाटत नाही. गडाच्या बुरुजावर चढायची सवय, उंचवटा दिसला की पाय आपोआप वळतात. तुझा धाकटासुद्धा तसाच आहे, भिंत दिसली की वर. त्याचा हात सोडू नकोस.

चोर्तेनला प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजव्या हाताला ठेवून. मणिचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही, सासूबाई आपसूक तसंच करतील.

झेंड्यांचं मात्र नीट समजून घे. दोरीला ओवलेले रंगीबेरंगी झेंडे पुलावर, खिंडीत सगळीकडे दिसतील. ते वाऱ्यावर मंत्र सोडण्यासाठी असतात. ते ओलांडायचे नाहीत, पायाखाली घ्यायचे नाहीत आणि सोडवून गाडीला बांधायला आणायचे तर मुळीच नाहीत. बाजारात नवे मिळतात, हवे तितके घ्या. पण डोंगरउतारावर उंच काठ्यांवर नुसते पांढरे झेंडे रांगेने दिसले तर तिथे 'पोझ' देत बसू नका. घरातलं माणूस गेलं की त्याच्यासाठी ते उभारतात, ऐपत असेल तर १०८. आणि कड्याच्या आडोशाला, एखाद्या चोर्तेनच्या कोनाड्यात बोटाएवढे मातीचे स्तूप ठेवलेले असतील, शंकूसारखे, पांढरे किंवा सोनेरी. त्यांना त्सात्सा म्हणतात. पोरांना ती खेळणी वाटतात, मोठ्यांना शोकेससाठी छान वाटतात. त्या मातीत बऱ्याचदा गेलेल्या माणसाची राख मळलेली असते. एका बाईंच्या पर्समधून मी असे दोन परत ठेवायला लावले होते. कशापासून बनतात ते सांगितल्यावर बाईंचा हातच थरथरायला लागला. तेव्हा तू पोरांना आधी सांग, नंतर नको.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. झोंगमध्ये, म्हणजे त्या किल्लेवजा इमारतीत, एका बाजूला सरकारी कचेऱ्या असतात आणि दुसऱ्या बाजूला मठ. तिथे पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. टोपी काढायची, छत्री मिटायची, देवळात शिरताना बूट बाहेर आणि आत फोटो नाही. दाराशी तुमचा गाईड थांबेल आणि खांद्यावरून एक लांब पांढरं उपरणं घेईल. ते त्याने नीट घेईपर्यंत घाई करू नका, त्याशिवाय त्याला आत जाता येत नाही. भाड्याने तिथला पोशाख, घो आणि किरा, घालून फोटो काढायची हौस सगळ्यांना असते, काढा की. तिथल्या लोकांना आवडतंही. फक्त घो घालून भांगडा नको.

आता हा पोशाख छान दिसतो, देश सुखी आहे, राजा चांगला आहे, हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून सांगते. १९८९ मध्ये हा पोशाख आणि ही सगळी रीत, द्रिग्लाम नामझा म्हणतात तिला, देशभर सक्तीची झाली. दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक लोकांना ती आपली नव्हती. नागरिकत्वाचे कायदे, निदर्शनं, दडपशाही असं वाढत जाऊन एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत गेली. बसमध्ये माइक घेऊन गाईडला हे विचारू नकोस, त्याची नोकरी आहे ती. पण 'जगातला सगळ्यात सुखी देश' असं कुणी पाचव्यांदा म्हणालं तर तू तरी मान डोलावू नकोस. आणि भेटेल त्या भूतानी माणसाला "आप खुश हो क्या?" असं विचारायचा जो खेळ आपल्या सहलींत चालतो ना, तो मला अजिबात आवडत नाही. दादर स्टेशनवर तुला कुणी असं विचारलं तर?

ताक्त्सांगला जाल, वाघाच्या गुहेच्या मठाला. पारो खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर उंच कड्याला चिकटलेला, १६९२ सालचा. १९९८ मध्ये आगीत बहुतेक सगळा गेला आणि २००५ पर्यंत पुन्हा उभा केला. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडा मिळतो, उतरताना मिळत नाही. सासऱ्यांना तिथपर्यंत नेऊन बसवा, समोर मठ अख्खा दिसतो. त्यांच्या गुडघ्यांपेक्षा त्यांची हट्टी जीभ जास्त चालते, तेव्हा "अप्पा, तुम्ही इथे पोरांना सांभाळा" अशी जबाबदारी देऊनच बसवा. मठाच्या दाराशी फोन आणि पिशव्या ठेवून घेतात, कुरकुर करू नका. आणि मधू, वर पोचल्यावर घोषणा नको. मला कल्पना आहे, राजगडावर पोचलं की छाती भरून येते आणि ललकारी आपोआप निघते. मलाही ती आवडते. पण ताक्त्सांगला आलेली बाजूची म्हातारी मंत्र पुटपुटत एकेक पायरी चढलेली असते, आणि अशा मठांच्या आसपास तीन-तीन वर्षं ध्यानाला बसलेले भिक्षू असतात. ब्लूटूथचा डबा तर घरीच विसरा.

आता नाजूक गोष्टीकडे येते. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले.

पुनाखाजवळ शेतांच्या मधून चालत गेलं की चिमी ल्हाखांग नावाचं छोटं देऊळ लागतं. द्रुक्पा कुन्ले नावाच्या साधूचं. १४५५ ते १५२९ हा त्याचा काळ. दारू प्यायचा, बायकांत रमायचा, मोठमोठ्या लामांची टर उडवायचा, आणि तरी लोक त्याला सिद्ध मानतात. त्याच्यामुळे त्या गावात घराघरांच्या भिंतींवर लिंगाची चित्रं असतात. लहानसहान नाहीत, पुरुषभर उंचीची, डोळे रंगवलेली, फिती बांधलेली. दुकानात लाकडी लिंगं टांगलेली असतात, किल्ल्यांच्या साखळीपासून अंगणात उभी करण्याएवढी. वाईट नजर लागू नये, भांडणतंटा घरात शिरू नये म्हणून हे. आपल्या सहलीतले पुरुष इथे शाळकरी पोरांसारखे खिदळतात, आणि बायका समोरच्या डोंगराकडे बघत चालतात. थोरली तुला विचारेल, "आई, हे काय?" तिला सरळ सांग की काय आहे, आणि इथले लोक त्याला शुभ मानतात. दर सोमवारी शंकराला जाऊन आलेल्या घराने यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही. दुकानातली बाई त्या वस्तूंच्या मागे बसून स्वेटर विणत असते, तिच्याकडे बघून शिका.

पण माझी काळजी वेगळी आहे. त्या देवळात मूल व्हावं म्हणून जोडपी येतात. भिक्षू लाकडाचं आणि हाडाचं लिंग डोक्याला टेकवून आशीर्वाद देतो. ज्यांना मूल झालं त्यांनी पाठवलेल्या फोटोंचा अल्बम असतो, त्यात भारतातलीही नावं असतात. गाईड हे मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने ती आनंदाची गोष्ट आहे. आणि तुझ्या सासूबाई काय करतील हे तुलाही माहीत आहे. त्या तुझ्या नणंदेचं मनगट धरून तिला पुढे करतील. गेल्या दिवाळीत त्या पोरीचा चेहरा मी पाहिला आहे. किती डॉक्टर झाले, किती नवस झाले, आता सहलीलासुद्धा तेच.

तर असं कर. निघण्याआधी, इथेच, नणंदेला एकटीला गाठ. तिथे काय आहे ते तिला सांगून टाक, म्हणजे तिला धक्का बसणार नाही. जायचं की नाही ते तिने ठरवावं. जायचं म्हणाली तर तुम्ही दोघीच पुढे चाला, बाकीच्यांना निखिलराव शेतात फोटो काढायला थांबवतील. नको म्हणाली तर त्या सकाळी तुझं डोकं दुखेल आणि ती तुझ्यासोबत हॉटेलवर थांबेल. एवढं खोटं मी तुला माफ करते. गाईडलाही आदल्या रात्री सांगून ठेव की आमच्या घरात हा विषय हळवा आहे. भूतानी माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, तो दुसऱ्या दिवशी तिकडे बोटसुद्धा दाखवणार नाही. बोट ते तसंही दाखवत नाहीत. काही दाखवायचं तर पूर्ण तळवा वर करून दाखवतात. तुम्हीही, निदान मूर्तीकडे आणि माणसांकडे, तसंच दाखवा.

तिथल्या बायकांबद्दल निखिलराव आणि नंदावा या दोघांनाही सांगायला हवं. पश्चिम आणि मध्य भूतानमध्ये घर-जमीन बऱ्याचदा आईकडून मुलीकडे जाते, आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. हॉटेल, दुकान, बार, गल्ल्यावर बाई. ती डोळ्यांत बघून बोलते, मोकळं हसते, वेळ पडली तर तुमच्या पुरुषांची फिरकीही घेते. तिच्या घरची ती मालकीण आहे, म्हणून हसते. आपले पुरुष यातून भलते अर्थ काढतात, मग टेबलाशी रेंगाळतात, फोन नंबर मागतात. चांगल्या घरातले, साठीचे गृहस्थ! मला कितीदा मध्ये पडावं लागलं आहे. तिथे घटस्फोट, दुसरं लग्न यांचा आपल्याइतका बाऊ नाही. तेव्हा "मग पहिला नवरा कुठे असतो?" हा आपल्या बायकांचा प्रश्नही आवरायला हवा. फक्त पुरुषांनाच बोल लावत नाही मी.

शेतघरात मुक्काम आहे ना एक रात्र? घरातली सगळ्यात चांगली खोली देवाची असते, आणि कधी कधी पाहुण्यांचं अंथरूण तिथेच घालतात. पाय मूर्तींकडे करून झोपायचं नाही. छोटे भिक्षू भेटतील, लाल वस्त्रांतले, गोबऱ्या गालांचे. अप्पा सवयीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतील. नको म्हणावं. डोकं पवित्र मानतात तिथे.

जेवताना एमा दात्शी येईल, मिरची आणि चीज. मिरची तिथे मसाला नाही, भाजी आहे. आम्ही ठेचा खाणारी माणसं, असली फुशारकी मारू नका, दुसऱ्या घासाला घाम फुटतो. सासूबाईंसाठी बटाट्याची केवा दात्शी, अळिंबीची शामू दात्शी, लाल भात. पळी एकच फिरते का एवढं आधी विचारून घे, कारण मांस तिथे बहुतेक घरांत खातात. गंमत म्हणजे जनावर मारणं पाप मानतात, त्यामुळे बरंचसं मांस आपल्याकडूनच जातं. चहा म्हणून जे येईल ती सुजा असेल, लोणी आणि मीठ घातलेली. एक घोट घेतलास की पेला पुन्हा काठोकाठ भरतात, म्हणून निघताना प्यायची. लगेच बॅगेतून चिवडा काढून बसू नका. हॉटेलच्या खोलीत काय हवं ते खा, पण घरधनिणीने रांधलेल्या ताटासमोर भाकरवडीची पिशवी फोडणं मला सहनच होत नाही. आणि अप्पांना कुणी दोमा दिला तर तो घरच्या पानासारखा समजून तोंडात कोंबू नये. आंबवलेली ओली सुपारी असते, कानशिलं तापतात.

राहता राहिले ते १२०० रुपये. भारतीयांना दर रात्री माणशी एवढी फी आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याखालच्यांना माफ. बाकी बहुतेक देशांतल्या लोकांना दिवसाला १०० डॉलर. आधी आपल्याला काहीच नव्हतं. गर्दी आवरेना म्हणून २०२० मध्ये कायदा केला, आणि कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देश उघडला तो ही फी लावूनच. तेव्हापासून मला एक नवं वाक्य ऐकू येतं, "आम्ही पैसे भरलेत." देवळात फोटो नाही म्हटलं, पैसे भरलेत. रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद, पैसे भरलेत. तुझ्या घरात हे वाक्य कोण म्हणणार ते मी नाव घेऊन लिहीत नाही. पहिल्या दिवशी म्हणालं तर दुर्लक्ष कर, दुसऱ्या दिवशीही म्हणालं तर सरळ सांग की पैसे राहण्याचे भरलेत, माणसांचे नाहीत.

रस्त्यावर हॉर्न वाजवत नाहीत, थिंफूत सिग्नलच नाहीत, चौकात पोलीस हातवारे करतो. झेब्रावर पाय ठेवलात की गाडी थांबते. तुम्ही मात्र "आप जाओ, आप जाओ" करत उभे राहू नका, मागे रांग लागते.

आता कागदपत्रं. आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आणि पोरांचे पासपोर्ट नसतील तर जन्मदाखले. सासूबाईंचं मतदार कार्ड देवघराच्या खणात आहे असं तू म्हणाली होतीस, ते आजच बाहेर काढून नाव आणि फोटो बघून घे. आणि सीमेवरच्या फुंत्शोलिंगला शिरलात की घड्याळं अर्धा तास पुढे करा, नाहीतर नंदावा न्याहारीला उशिरा येतील आणि त्याचाही दोष तुझ्यावर येईल. नणंदेशी बोललीस की मला फोन कर, रात्री दहानंतर.